तीन ट्रकला एक बोट

सोमवार, ८ जानेवारी २००७

नवीन वर्ष, नवीन वही. शाळा आजपासून सुरू. या वर्षी संकल्प एकच, त्यामुळे तो पार पडणार: मी, फिदेन्सिओ उत्रेरा, सहावीचा वर्गशिक्षक, झोन प्रशिक्षक होणार. म्हणजे वर्ग नाही, वह्या तपासणं नाही, दर सोमवारी झेंड्यासमोर उन्हात उभं राहणं नाही. गावोगावचे शिक्षक गोळा करायचे आणि स्मार्ट बोर्डवर परिणामकारक पाठ कसा बसवायचा ते सांगायचं. झोनच्या ऑफिसात खुर्ची. डोक्यावर पंखा.

सुपरवायझर एर्मिला बाई मार्चमध्ये प्रत्येक शाळेत एक पाठ बघणार आणि त्यातून एकाला निवडणार. आमच्या शाळेत स्मार्ट बोर्ड एकच, तो माझ्या वर्गात. स्पर्धा आहेच कुठे?

मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये तीन राजांच्या सणाचा गोल पाव कापला, दोन दिवस उशिरा. पावात लपवलेली बाहुली नेमकी माझ्या तुकड्यात. म्हणजे रिवाजाप्रमाणे दोन फेब्रुवारीला अख्ख्या स्टाफला तमाल (मक्याच्या पिठाचे, पानात बांधून उकडलेले) मी घालायचे. चौदा माणसं, प्रत्येकी तीन तरी हाणणार. कोणी बघितलं नव्हतं. बाहुली गालात धरून पाच मिनिटं हेडमास्तरांशी बोललो, मग वर्गात येऊन टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली. हा अप्रामाणिकपणा नाही. मला सध्या डोकं शांत हवं आहे, एवढंच.

बुधवार, १० जानेवारी. सकाळी ७.१५

कॅलिब्रेशन केलं. बोर्डवर नऊ फुल्या येतात, एकेक करून दाबायच्या, मग बोर्डला कळतं की चित्र कुठे पडलंय. रोज मुलं यायच्या आत करतो. चोनकाका (शिपाई) झाडू टेकून बघत होते. म्हणाले, काल केलं होतं ना, मग आज पुन्हा कशाला? सांगितलं, मशीनला शिस्त लागते. म्हणाले, वर प्रोजेक्टरच्या ब्रॅकेटला चारांच्या जागी एकच बोल्ट आहे, तो मुंडी हलवतो बिचारा. म्हटलं बघू. झाडू मारता मारता लोक इंजिनियर होतात.

त्याच दिवशी, दुपारी

अकराचा पाठ. अपूर्णांक. मी स्वतः पुढे होऊन तीन चतुर्थांश दाबलं, उघडलं एक द्वितीयांश. पुन्हा दाबलं, कोंबडा आरवला (आवाज मीच घातला आहे, चुकीच्या उत्तरासाठी). तिसऱ्यांदा दाबलं, कॉम्प्युटर बंद करू का, असं विचारायला लागला. मुलं हसली.

विचार करता लक्षात आलं की यात मोठं तत्त्व आहे. शिक्षकाने बोर्डला हात लावायचाच नाही! हात मुलांनी लावायचा. आजपासून माझ्या पद्धतीचा हा पहिला नियम.

शुक्रवार, १२ जानेवारी

स्लाइड्स बावीस झाल्या. मुलांचीही बोटं चुकतात. बोर्ड चांगला आहे, बोटं अडाणी आहेत. त्यात रस्त्यावरून कारखान्याकडे जाणारे उसाचे ट्रक. एक गेला की बाकं थरथरतात, खडू खाली पडतो आणि सगळ्या माना खिडकीकडे. ऊस जाळल्याची काजळी बोर्डवर बसते ती वेगळीच.

खिडकीजवळच्या झुलेमाने हात वर करून ट्रक आणि बोर्ड असं काहीतरी सांगायला सुरुवात केली. विषय अपूर्णांकांचा. खाली बसवलं.

शुक्रवार, १९ जानेवारी

यश!! आज नऊ मुलं पुढे आली, आठ बरोबर. माझ्या पद्धतीला नाव दिलं: बघा, थांबा, दाबा. मुलं आता दाबण्याआधी खरंच थांबतात. क्षणभर खिडकीकडे बघतात, मग वळून दाबतात. लांब बघितलं की मन स्थिर होतं, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, पण माझ्या वागण्यातून पोचलं असणार.

ओतिलियाला सांगितलं. बायको म्हणून तिने आनंद दाखवायला हरकत नव्हती. दिवसभर कारखान्याच्या वजनकाट्यावर बसून ट्रकांच्या पावत्या फाडते, त्यामुळे तिला कशाचंच कौतुक उरलेलं नाही. म्हणाली, मुलं बरोबर दाबतायत तर तुम्ही कुठे चुकत होतात ते बघा आधी. म्हटलं, मी हातच लावत नाही, मी कुठून चुकणार?

मंगळवार, २३ जानेवारी

व्हिजिटिंग कार्डं छापून आली. शंभर. ‘फिदेन्सिओ उत्रेरा, झोन प्रशिक्षक (स्मार्ट बोर्ड)’. प्रेसवाला म्हणाला, अभिनंदन, कधीपासून? म्हटलं, एप्रिल. खोटं कुठे आहे?

वर्गात खिडकीजवळच्या बाकावरून भांडणं. सगळ्यांना तिथेच बसायचंय. मोकळ्या हवेची आवड चांगलीच.

सोमवार, २९ जानेवारी

छडा लावला. हवा नाही, सट्टा! झुलेमाच्या बाकातून वही जप्त केली. पानंच्या पानं उभ्या रेघा, पाच-पाचचे गठ्ठे. वर तारीख. ‘भरलेले’ आणि ‘रिकामे’ असे दोन रकाने. ‘दोन ट्रॉल्यांचा = २’. शेवटी एका चौकटीत: ‘३ ला १ बोट’. म्हणजे तीन ट्रकवर एक बोट लावायचं, असा काहीतरी भाव असणार. सहावीतली मुलगी! गावाचं काय होणार?

लाल शाईने मुखपृष्ठावर लिहिलं: ‘ट्रक मोजून पोट भरत नाही. दोन गुण वजा. पालकांनी भेटावे.’ वही ड्रॉवरमध्ये. अशा वेळी मोजून चार शब्द लिहायचे, जन्मभर लक्षात राहतात.

बुधवार, ३१ जानेवारी

झुलेमाचे वडील आले. टोपी हातात, नखांत काजळी. वीस मिनिटं समजावलं. शेवटी शेरा वाचून दाखवला. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, सर, मी उसाचा ट्रक चालवतो. कारखाना खेपेवर पैसे देतो. आमचं पोट ट्रक मोजूनच भरतं.

पालक सहकार्य करत नाहीत, ते असं.

घरी हा किस्सा रंगवून सांगितला. ओतिलिया हसली नाही. म्हणाली, मीही आज एकशे बारा ट्रक मोजले. आणि उठून बाहेर जाऊन बसली. उसळ माझी मीच गरम केली. या घरात शब्दाशब्दाला धरतात.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

दोन घटना.

एक. बाहुली कोणाकडे निघाली याचा पत्ता लागला नाही. हेडमास्तर एवेलिओ स्टाफरूममध्ये म्हणाले, ज्याची असेल त्याची असो, शाळेत तमाल नाहीत असं होता कामा नये. आणि बायकोला पहाटे उठवून स्वतःच केळीच्या पानातले बेचाळीस करून आणले. फार दिलदार माणूस. मी चार खाल्ले. पाचवा घेताना जरा लाजलो, पण घेतला.

दोन. झुलेमाला खिडकीपासून उठवून भिंतीकडे बसवलं, तिची जागा कपाटाला दिली. आज अकरापैकी दहा मुलं चुकली. कोंबडा आरवून आरवून बसला. कारण उघड आहे: तमाल. मुलांच्याही घरी आज तेच. भरल्या पोटी अपूर्णांक होत नाहीत. पद्धतीत नवा नियम घातला: पाठाआधी हलका आहार.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

आहार हलका, तरी चुकताहेत. मला काही सुचत नाही. उठतो, बसतो, स्लाइडचा रंग बदलतो, पुन्हा पहिला करतो. शेवटी झुलेमा म्हणाली, भिंतीकडे अंधार आहे, डोळे दुखतात, खिडकीशी जाऊ का? दया आली. कपाट हलवलं.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

सगळी बरोबर! दया ही शिक्षकाची मोठी शक्ती आहे. पद्धतीत घातली.

बुधवार, १४ फेब्रुवारी

खिडकीच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघाच रेघा. चोनकाकांकडून रंग मारून घेतला. ते म्हणाले, मारतो, पण मुलांचा हिशोब जाईल. म्हटलं, कसला हिशोब? म्हणाले, तुम्हाला माहीत नाही? आणि ब्रश धरून माझ्याकडे बघतच राहिले. मला घाई होती.

वर्गात एक सुंदर गोष्ट बघतोय. कोणी बोर्डकडे निघालं की झुलेमा बाकाखालून त्याला बोटं दाखवते. कधी दोन, कधी तीन, कधी तीन आणि एक मुडपलेलं. मुलं एकमेकांना धीर देतात! एवढी एकी या शाळेत कधी नव्हती. फोटो काढायला हवा होता.

बुधवार, २८ फेब्रुवारी

एर्मिला बाईंचं पत्र आलं. गुरुवार, १५ मार्च, सकाळी अकरा. तारखेभोवती लाल शाईने तीन गोल काढले, उत्साहाने.

स्लाइड्स चौसष्ट. संत्र्याच्या फोडी, उसाची कांडी, पतंग, आगगाडी. बरोबर उत्तराला टाळ्या, अधिक बरोबर उत्तराला बँड. ओतिलियाला दाखवलं. ती म्हणाली, यात मुलांनी काय करायचं? म्हटलं, दाबायचं. म्हणाली, आणि विचार कधी करायचा? म्हटलं, स्लाइड क्रमांक एकोणचाळीस.

सोमवार, १२ मार्च

जेवण जात नाही. शेवटच्या बाकावरच्या वेन्सेस्लाओला पुन्हा बजावलं: त्या दिवशी हात वर करायचा नाही. जानेवारीपासून त्याला अपूर्णांकांत शून्य मिळतंय, बाईंसमोर नको. तो म्हणाला, बरं सर. समजूतदार आहे.

बुधवार, १४ मार्च. दुपारी ३

आज मी दूरदृष्टी दाखवली. एवढं सगळं तयार आणि ऐनवेळी प्रोजेक्टर खाली आला तर? ओतिलियाने कारखान्याच्या वर्कशॉपमधून तीन बोल्ट आणून दिले, उसाच्या गव्हाणीला वापरतात तसले. चोनकाकांनी शिडी लावली, पाना फिरवला, लोंबकळून दाखवलं. आता भूकंप झाला तरी शाळा पडेल, प्रोजेक्टर नाही. लगेच नऊ फुल्या दाबून कॅलिब्रेशनही केलं. केसाइतका फरक नाही.

चोनकाका शिडीवरून म्हणाले, मुलांना सांगितलंत का? बोल्ट देताना ओतिलियानेही तेच विचारलं होतं. काय सांगायचं? बोल्टचं मुलांना काय?

खिशात कार्डं ठेवली. दहा पुरतील.

गुरुवार, १५ मार्च. सकाळी ६.५०

झोप छान झाली (दोन तास). इस्त्रीचा शर्ट. आज काहीच चुकू शकत नाही.

त्याच दिवशी, दुपारी २.३०

लिहितो. लिहिलं की बरं वाटतं असं म्हणतात.

अकराला एर्मिला बाई आल्या. उंच, पांढरे केस, हातात साधी वही. हेडमास्तर मागच्या बाकावर. पहिल्या चार स्लाइड्स मी बोललो. पाचवीवर रामिरोला बोलावलं. प्रश्न: पाऊण संत्रं कोणतं? झुलेमाने बोटं दाखवली. रामिरो खिडकीकडे न बघता आत्मविश्वासाने गेला आणि संत्र्याच्या डावीकडे, चांगलं चार बोटं लांब, रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

कोंबडा आरवला.

मुलांत कुजबुज. दुसरी आली मारिबेल. झुलेमाने आता चार आणि एक मुडपलेलं दाखवलं. मारिबेलने आणखी डावीकडे दाबलं. कोंबडा. तिसरा आणखी डावीकडे. कोंबडा. चौथ्याने बोर्ड सोडून थेट भिंतीला बोट लावलं आणि माझ्याकडे बघितलं. भिंत गप्प राहिली.

 पहिला नियम मोडला. पुढे झालो, पाऊण संत्र्यावर, बरोबर मधोमध, बोट ठेवलं. टाळ्या वाजल्या. बँडही वाजला.

 झुलेमा ताडकन उभी राहिली आणि म्हणाली, सर, बोर्ड हलतच नाहीये! कोणी दुरुस्त केला?

कोणी मोडला, असं विचारतात त्या सुरात.

एर्मिला बाई म्हणाल्या, बाळ, म्हणजे काय, नीट सांग. आणि ती सांगायला लागली. भरलेला ट्रक गेला की प्रोजेक्टर सरकतो. तीन ट्रकला एक बोट. बोट माझं धरायचं, असं ठरलंय, कारण रामिरोचं जाड आहे. रिकामे धरत नाही. दोन ट्रॉल्यांचा दोन धरतो. सरांनी कॅलिब्रेशन केलं की शून्यापासून सुरू. आज सकाळपासून अकरा गेले, म्हणजे तीन बोटं आणि दोन तृतीयांश. तेवढं डावीकडे दाबायचं. पहिला चुकला तेव्हा वाटलं, मोजताना तीन सुटले, म्हणून एक बोट वाढवलं.

बाईंनी वही मिटली. संपूर्ण वर्गाला विचारलं, आणि सात ट्रक गेले, त्यातला एक दोन ट्रॉल्यांचा, तर? मागून आवाज आला: आठ धरायचे, दोन बोटं आणि दोन तृतीयांश. वेन्सेस्लाओ. हात वर न करता म्हणाला, कारण हात वर करायला मी मनाई केली होती.

बाई माझ्याकडे वळल्या. हे तुम्ही शिकवलंत? मी म्हणालो, मुलांनी स्वतः शोधावं अशीच माझी पद्धत... त्यांनी विचारलं, याची नोंद कुठे ठेवता? झुलेमा म्हणाली, वही सरांच्या ड्रॉवरमध्ये आहे.

ड्रॉवर मीच उघडला. वही इतक्या घाईत ओढली की तिच्याबरोबर बाहुलीही बाहेर आली, टेबलावरून घरंगळली आणि हेडमास्तरांच्या बुटापाशी जाऊन थांबली. त्यांनी ती उचलली. रुमालाने पुसली. रुमालासकट खिशात ठेवली. 

बाईंनी मुखपृष्ठावरची लाल शाई मोठ्याने वाचली. ट्रक मोजून पोट भरत नाही. त्याच वेळी रस्त्यावरून एक भरलेला ट्रक गेला. बाकं थरथरली. वर प्रोजेक्टर ढिम्म. आणि एकोणतीस मुलांनी, सवयीने, मनातल्या मनात बारा म्हटलं. मला ओठ हलताना दिसले.

पन्नासहून जास्त स्लाइड्स शिल्लक राहिल्या.

शुक्रवार, १६ मार्च

घसा बसला आहे, असं शाळेत कळवलं. चोनकाकांनी निरोप्याला सांगितलं म्हणे, घसा नाही, नाक. ओतिलियाने जेवायला वाढलं, समोर बसली. मग म्हणाली, त्या पोरीच्या बापाची माफी मागा. म्हटलं, बघू. म्हणाली, बघू नका. तो संध्याकाळी चारला काट्यावर असतो.

गेलो. ट्रकांची रांग. झुलेमाच्या वडिलांनी मला वर केबिनमध्ये बसवून घेतलं.  सॉरी म्हणालो. ते म्हणाले, सर, आजची ही चौथी खेप आहे. पोरगी रोज विचारते, बाबा, तुमचा ट्रक कितवा होता? मला तिथे फार वाईट वाटलं. हे लिहून ठेवतो, कारण उद्या मला आठवेल की वाईट वाटलं नव्हतं.

शुक्रवार, २३ मार्च

रिपोर्ट आला. प्रशिक्षकाची जागा पलीकडच्या गावातल्या बाईंना. त्यांचा अख्खा पाठ तीन स्लाइड्सचा होता म्हणे. तीन!

माझ्याबद्दल चार ओळी. ‘पाठाची रचना: परिणामकारक नाही. विद्यार्थ्यांनी केलेली दुरुस्ती: अत्यंत परिणामकारक. शिक्षकाने दोन महिने बोर्डला हात लावला नाही, याचा मुलांना फायदा झाला. प्रोजेक्टरचा ब्रॅकेट पूर्वीप्रमाणे सैल करावा.’

तिसरं वाक्य कौतुकाचं आहे, असं वाटत होतं. तीनदा वाचलं. नाही.

हेडमास्तरांना बेचाळीस तमालांचे पैसे देऊ केले. ते म्हणाले, पैसे नकोत, पुढच्या वर्षी करून आणा. स्वतः. पहाटे उठून.

सोमवार, २६ मार्च

झेंड्यासमोर उभा होतो. ऊन होतं.

झुलेमाची वही परत दिली. शेरा खोडायचा प्रयत्न केला होता, पण माझ्याकडे लालच पेन आहे, त्यामुळे तो अधिकच उठून दिसतो. तिने उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घेतली.

मग शिडीवर चढून तीन बोल्ट काढले. चोनकाकांनी शिडी धरली. चौथा जरा सैल केला. खालून झुलेमा म्हणाली, अजून, सर. अजून अर्धा आटा. नाहीतर तीनला एक बोट येणार नाही. अर्धा आटा फिरवला. ती म्हणाली, हं, आता ठेवा.

अकराच्या पाठात मुलं म्हणाली, आज सरांनी दाबायचं. पुढे गेलो. किती ते माहीत नव्हतं. मागे वळून बघितलं. झुलेमाने बाकाखालून तीन बोटं दाखवली. डावीकडे तीन बोटं मोजली, रिकाम्या जागेवर दाबलं. टाळ्या वाजल्या. या वेळी बोर्डच्या नव्हत्या, वर्गातल्या होत्या.

घरी आल्यावर कार्डं घेऊन बसलो. नव्वद, आणि खिशातली दहा. मागची बाजू कोरी आहे. उद्या वर्गात देतो, रोजच्या ट्रकांचा हिशोब एकेका कार्डावर. नीट पुरवली तर शंभर दिवस.

पुरवायची गरज नाही. ओतिलियाने आत्ताच सांगितलं, यंदा ऊस कमी आहे, कारखाना बारा मेला बंद होणार.

म्हणजे ट्रक बंद. शाळा जुलैपर्यंत आहे.

मग शिकवायचं काय?